जिगर

खेळणं सोडून चार वर्षं झाली तरी सगळे तिला कॅप्टनच म्हणत. नवराही म्हणायचा, विशेषतः भांडी घासायची पाळी तिची असली की. आठवडाभर ती क्लबच्या महिला फुटबॉल संघाला बचाव शिकवायची आणि रविवारी ब्लेझर चढवून, तोच संघ खेळत असलेल्या स्पर्धेची टीव्हीवर कॉमेंट्री करायची. सामने दाखवणाऱ्या वाहिनीशी क्लबचा करार होता. "तुमची दोन्ही ताटं आमच्याच स्वयंपाकघरातून येतात," असं क्लबचे अध्यक्ष हसत हसत म्हणायचे. तीही हसायची, कारण दोन्ही कामं तिला मनापासून आवडत होती.

अंतिम सामन्यात तिचा संघ एका गोलने पुढे होता. उत्तरार्ध नुकता सुरू झाला होता. कॉर्नरवर दांडगी उंच उडाली. दांडगी म्हणजे बचाव फळीतली तिची सगळ्यात लाडकी खेळाडू. अंगापिंडाने किडकिडीत, म्हणूनच हे नाव पडलेलं. समोरच्या गोलकीपरचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला आणि ती हातसुद्धा न टेकवता कोसळली. वर काचेच्या खोलीत बसलेल्या कॅप्टनला ते पडणं अजिबात आवडलं नाही. शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे करतोच.

फिजिओ धावला. तोंडावर पाणी मारलं, डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवली आणि बाकाकडे बघून मान डोलावली. मुख्य प्रशिक्षकाने हातानेच खेळ म्हणून खुणावलं. दांडगी उठली आणि सरळ समोरच्या संघाच्या खेळाडूंमध्ये जाऊन उभी राहिली. एका मैत्रिणीने तिला दंडाला धरून परत आणलं.

"पाहा, याला म्हणतात जिगर!" शेजारचा समालोचक म्हणाला.

कॅप्टनच्या हेडफोनमध्ये वाहिनीच्या निर्मात्याचाही आवाज आला. क्लोजअप देतोय, जिगरीवर दोन वाक्यं बोला, असं तो सांगत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली तरी कॅप्टनचा आवाज चढला नाही. "ही जिगर नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "तिच्या डोक्याला मार लागलाय. आपण कुठल्या बाजूने खेळतोय हे तिला कळत नाहीये. तिला बाहेर काढा."

शेजारच्याने सारवासारव सुरू केली. ती पुन्हा बोलायला लागली, तेव्हा स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये येत नाही हे तिच्या लक्षात आलं. माइक बंद केला होता. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि जिना उतरायला लागली. अध्यक्ष आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांजवळून जाताना तिला क्लबचे डॉक्टर दिसले. मैदानाच्या कडेला असायला हवे होते, ते इथे पाहुण्यांबरोबर गप्पा मारत बसले होते. त्यांच्याशी बोलायला ती थांबली नाही.

गळ्यात प्रशिक्षकाचं ओळखपत्र होतं, त्यामुळे खाली कुणी अडवलं नाही. मुख्य प्रशिक्षकाने मात्र तोंड सोडलं. ही कॉमेंट्रीची जागा नाही, असं तो ओरडत होता. त्याच्याकडे पाठ करून, दांडगीकडे बोट दाखवत ती कडेला उभ्या असलेल्या चौथ्या पंचांना म्हणाली, "चार नंबरला विचारा, गोल कुणी मारला."

पंचांनी खेळ थांबवून विचारलं. ज्या गोलला दांडगीनेच पास दिला होता, त्याबद्दल ती शांतपणे म्हणाली, "अजून कुठे झालाय?"

तिला बाहेर काढलं. बाहेर जाताना ती कॅप्टनशी भांडली, रडली. नंतर संघाने दोन गोल खाल्ले आणि चषक गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या खोलीत वाहिनीचा निर्माता, मुख्य प्रशिक्षक आणि डॉक्टर असे सगळे जमले. कॅप्टनने कॅमेऱ्यासमोर माफी मागावी, म्हणजे दोन्ही कामं चालू राहतील, असं ठरवूनच ते बसले होते. रात्री दांडगीला तीनदा उलटी झाली होती आणि ती हॉस्पिटलमध्ये होती. तिची चौकशी कुणी केली नाही. चषकाची मात्र सगळ्यांनी केली.

कॅप्टन डॉक्टरांकडे वळली. "तुम्ही सांगा. काल तिला परत खेळू द्यायला हवं होतं का?"

डॉक्टर चष्मा पुसत बसले.

"ते बाजूला ठेवा," अध्यक्ष म्हणाले.

"तेवढंच तर आहे, साहेब. दुसरं काय आहे?"

माफी तिने मागितली नाही. वाहिनीने काम काढून घेतलं. पुढच्या स्पर्धेत तिच्या खुर्चीवर दुसरीच कुणी होती. क्लबने तिला काढलं नाही, पण मागच्या मैदानावर दहा वर्षांच्या मुलींकडे पाठवलं. बदलीचं कळलं त्या रात्री घरी नवऱ्याने न सांगता भांडी घासली. तेव्हा कुठे तिला रडू आलं, तेही रागाने.

महिन्याभराने दांडगी मागच्या मैदानावर आली. अजून खेळायची परवानगी नव्हती. कुंपणाला टेकून ती मुलींचा सराव बघत राहिली.

"ताई, मी तुमच्याशी भांडले म्हणे."

"भांडलीस."

"मला त्यातलं काहीच आठवत नाही. पहिला गोलसुद्धा नाही. टीव्हीवाले परवा घरी आले होते. मी जिगरीवर बोलावं म्हणत होते."

"मग?"

"आईने दार लावून घेतलं."

कॅप्टनने शिट्टी वाजवली आणि मुलींना सांगितलं की आज कुणीही चेंडू डोक्याने मारायचा नाही.