हातमोज्यांची परीक्षा

डेल्फिनने काउंटरवरचा हातमोजा स्वतःच्या हातात चढवला, समोर पडलेली वेल्डिंगची बारीक तार चिमटीत उचलली आणि नवऱ्याच्या नाकासमोर गरगर फिरवून दाखवली.

"बघ. जन्मात पहिल्यांदा घातलाय मी हा. मला जमतंय. आता बोल!"

"जाड आहे," ज्युलियस म्हणाला.

माणिकपूरच्या त्या दुकानात ते दोघं तासभर उभे होते. अल्पेशने सहा जोड खाली काढले होते आणि सहाही ज्युलियसला जाड वाटले होते. तसा अल्पेश सोशिक दुकानदार, पण आता त्याचाही धीर सुटत चालला होता.

"आंटी, दोन्ही एकात नाय मिळत. हे गाईच्या चामड्याचे, कोपरापर्यंत. आग लागणार नाय, पण बोटं केळ्यासारखी होतात. हे शेळीच्या कातड्याचे. ह्यात तार कळते, पण गरम लवकर पोचतं. अंकलना ह्याच्याहून पातळ पायजे तर मग डॉक्टर लोकांचे रबरी आहेत."

डेल्फिनला हसू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती आजची नव्हती. ज्युलियसच्या कारखान्यात सगळ्यांना एकच जाड हातमोजा मिळायचा. ज्याला आर्गन वायूच्या वेल्डिंगने पातळ पाइप जोडायचे, त्याने डाव्या हातमोज्याच्या तीन बोटांची टोकं कापून टाकायची, म्हणजे उघड्या बोटांना तार कळते. तिथली रीतच होती ती. वीस वर्षं ज्युलियसने तेच केलं होतं, आणि तेही डेल्फिनच्या शिवणाच्या कात्रीने! अंगठा आणि शेजारची दोन बोटं किती वेळा भाजली याची गणतीच नव्हती. गेल्या महिन्यात तर नखच निघून आलं. पुन्हा भाजलं तर ही बोटं ठेवता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. आणि येत्या सोमवारी हा पुन्हा कामावर जायला निघाला होता. कारखान्याच्या शेठचा तिला राग होताच, पण शेठ काही रोज समोर बसून तिच्या हातची भाकरी खात नव्हता. समोर असायचा तो हा माणूस, मूग गिळून बसलेला.

"तीन जोड द्या," ती अल्पेशला म्हणाली. "घरी नेऊन बघते. नको ते परत आणीन."

"चालेल आंटी. फक्त जाळू नका म्हणजे झालं."

रिक्षाने दोघं गिरीजला घरी आली. घरात शिरली ती चपला काढून थेट स्वयंपाकघरात. भाकरीचा तवा गॅसवर चढवला आणि ज्युलियसला हाक मारली.

"इकडे ये. तुझ्या तोंडून काही निघायचं नाही, तव्यालाच विचारते. घाल हा जाडा. तीन बोटं तव्यावर टेकव आणि एक नमो मरिया म्हण. चटका बसला की उचल."

डेल्फिनच्या आईच्या घरी घड्याळ नव्हतं, तेव्हा पन्नास नमो मरिया म्हणून होईपर्यंत अंडी उकडायची. डेल्फिनचा आजही सगळा स्वयंपाक त्याच मापाने चाले. ज्युलियसला हे माप ठाऊक होतं. त्याने हातमोजा घातला, बोटं टेकवली आणि सवयीने डोळे मिटले. प्रार्थना संपली, 'आमेन' म्हणाला आणि हात काढून झटकला.

"बसला चटका."

"आमेनपर्यंत टिकला. बरं. आता शेळीचा."

शेळीचा तिने आधी स्वतः घालून पाहिला. अर्धी नमो मरियासुद्धा होईना, तिने हात खेचून घेतला. मग ज्युलियसने घातला, डोळे मिटले, पुटपुटला, आणि आमेनला हात काढला. कातड्याचा करपट वास सुटला.

"बसला चटका."

"याच्यातही आमेन? मला अर्धीसुद्धा धरवली नाही!" तिचा आवाज चढला. "हट्ट कुणाशी करतोस रे? माझ्याशी? भाजत असताना बोटं दाबून धरतोस? तुझ्यासाठी दुकानं मी धुंडाळायची, डॉक्टरांची बोलणी मी ऐकायची, रात्री मलमं मी लावायची, आणि तू मला मर्दपणा दाखवतोस?"

"तसं नाही, डेल्फिन."

"मग कसं आहे?"

त्याने ओट्यावरचा तिसरा हातमोजा उचलला. भिंत तरी बरी, तिच्यावर निदान देवाची तसबीर टांगता येते. डेल्फिनने गॅस बंद केला, धुमसता तवा चिमट्याने उचलून मोरीत आदळला, वर पाणी ओतलं, खुंटीवरचा धाकटा तवा काढून शेगडीवर आपटला आणि रागारागात बटण फिरवून लायटर दाबला. ज्योत भपकन पेटली. दोन्ही हात धुवून ती पदराला पुसते न पुसते तोच ज्युलियसने तिसरा हातमोजा चढवला होता. तिला आणखी बोलायला लागू नये म्हणून तो घाई करत होता. त्याने बोटं टेकवली, डोळे मिटले, ओठ हलू लागले.

डेल्फिन शेगडीकडे वळली. ज्योत डाव्या बर्नरवर जळत होती. डाव्या बर्नरवर काहीच नव्हतं. रागाच्या भरात तिने भलतंच बटण फिरवलं होतं.

ती तोंड उघडणार, एवढ्यात ज्युलियसची प्रार्थना संपली.

"आमेन. आई गं!" त्याने हात खेचून घेतला, जोरात झटकला. "बसला चटका. चांगलाच बसला."

तिने तव्याला बोट लावून पाहिलं. खुंटीवर होता तसाच थंड.

दुकानातले सहाही जोड त्याला जाड का वाटले ते आता तिला उमगलं: त्या बोटांना तार काय नि तवा काय, काहीच कळत नव्हतं. ज्युलियस पाठ वळवून हातमोजा काढत होता आणि त्या तीन बोटांवर मन लावून फुंकर घालत होता.

"हा बरा आहे," तो म्हणाला. "हाच ठेवू. सोमवारी हाच घालून जातो, मग तर झालं?"

डेल्फिनने उघडा तळहात थंड तव्यावर सपाट ठेवला आणि तो मागे वळून बघेपर्यंत तिथून हलवला नाही.