कुरळी लोकर

विणकामाच्या वर्गात तिला सगळ्या घाईबाई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. बाकीच्यांची पाठ विणून होईस्तोवर हिच्या दोन्ही बाह्या तयार, आणि त्या उसवायची पाळीही हिच्यावरच. शिकवणाऱ्या बाई कपाळाला हात लावत.

नवी लोकर वर्गाला परवडत नसे. लोकांनी दिलेले जुने स्वेटर उसवायचे, निघालेल्या कुरळ्या लोकरीच्या लडी धुवायच्या आणि खाली पाण्याची बाटली बांधून दोरीवर टांगायच्या. ओढ बसून लोकर सरळ झाली की मगच सुया हातात घ्यायच्या. "कुरळी लोकर विणायची नाही," बाई बजावत. "तिला पहिलं अंग आठवत असतं."

बाईंचं आता वय झालं, असं घाईबाईला वाटे. तिचा नवरा पाय मोडून अंथरुणाला खिळला होता. उद्या सकाळी वर्गात दुकानदाराला नमुन्याचा स्वेटर पसंत पडला, तरच त्याच्या दुकानाचं काम मिळणार होतं. घरात लोकर म्हणाल तर एका चिमुकल्या पोराच्या निळ्या स्वेटरची, नुकतीच उसवलेली. धुवायला आणि वाळवायला वेळ कुणाला आहे? तिने तशीच कुरळी विणायला घेतली. बिनबाह्यांचा नमुना, म्हणून कशीबशी पुरली.

दुपार कलताना तिने तो मापाला म्हणून लेकीच्या अंगात घातला. लेक एरवी स्वेटर म्हटलं की पळत सुटणारी. आज मुकाट उभी राहिली आणि तिने डावा अंगठा तोंडात घातला. अंगठा तिने जन्मात चोखला नव्हता.

"बरा बसला की गं! टोचत नाही ना?"

"मावशी," लेक बोबडं बोलली, "माझी आई कुठंय?"

"चावटपणा पुरे."

पण लेक बापाला बघून कोपऱ्यात सरकली. घाईबाईने ओढून बघितलं. स्वेटर डोक्यातून निघेना. तिने गळ्याची गाठ तोडली आणि लेकीच्या अंगावरच ओळीमागून ओळ उसवत सुटली. शेवटची ओळ सुटली तशी लेक म्हणाली, "आई, थंडी वाजतेय." तिला छातीशी धरून घाईबाई ढसाढसा रडली.

मग अक्कल आली. तिने लोकर धुतली, लड टांगली, खाली बाटली बांधली. रात्रीत वाळली, तर पहाटे उठून पुन्हा विणता आली असती.

लोकरीला ओढ बसली आणि दोरीवरून मुसमुसणं ऐकू आलं.

"कोण रडतंय गं?" नवऱ्याने अंथरुणातून विचारलं.

लोकर जसजशी सरळ होत गेली, तसतसं रडणं बारीक होत गेलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर थांबलंच असतं. घाईबाई कानांवर हात ठेवून उभी राहिली. तिला लोकर हवी होती, काम हवं होतं, चूल पेटायला हवी होती.

"आई," लेक म्हणाली, "त्याला दुखतंय."

घाईबाईने बाटली सोडली. ओलीच लोकर घेऊन ती विणायला बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने सावकाश विणलं. पहिल्या अंगाला होता तेवढाच स्वेटर, इवल्या बाह्यांसकट. रडणं थांबलं.

सकाळी ती रिकाम्या हाताने वर्गात गेली. काम दुसरीला मिळालं.

संध्याकाळी लेकीने ताटल्या मांडल्या. बाबांची, आईची, स्वतःची, आणि खिळ्यावरच्या निळ्या स्वेटरखाली आणखी एक.

भांड्यात तिघांपुरतंच होतं. घाईबाईने सगळ्यांना वाढलं आणि आपली ताटली उचलून ठेवली.