गोळ्यांच्या पाकिटाची चांदी

मास्तरांची गाडी मास्तरांपेक्षा सहाच वर्षांनी लहान होती, आणि दोघांपैकी सकाळी लवकर सुरू कोण होतं यावर घरात मतभेद होते. त्या दिवशी मात्र मास्तर आधी सुरू झाले. वायरमन दहाला यायचा होता. मास्तर नवालाच गॅरेजमध्ये शिरले, डॅशबोर्डखाली उताणे झाले आणि फ्यूजच्या डब्यात चाचपू लागले.

त्याचं असं झालं होतं. मागच्या वर्षी पुढच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडायचा. जन्मभर पोरांना 'मधली पायरी गाळू नका' म्हणून दटावणाऱ्या या भूमितीच्या शिक्षकाने मधली पायरी गाळली. बिघाड शोधायचा सोडून उडालेल्या फ्यूजला गोळ्यांच्या पाकिटाची चांदी गुंडाळली. दिवे लखलखले. पंधरा दिवसांनी जुन्या गाड्यांच्या मंडळाची फेरी निघाली आणि भर रस्त्यात डॅशबोर्डखालून धूर! फ्यूजचं कामच मुळी वेळेवर मरण्याचं. मास्तरांनी त्याला मरू दिलं नव्हतं, म्हणून वायर जळाली. आणि सगळ्या मंडळासमोर मास्तर कडाडले, "त्या वायरमनने वाट लावली माझ्या गाडीची!"

मंडळातल्या गाड्यांचं वायरिंग बघणारा तो वायरमन तिथेच होता. त्याने बॅटरीची तार काढली, डब्यात हात घालून बघितलं, गाडी ढकलत कडेला घेतली आणि चकार शब्द काढला नाही. त्यानंतर मंडळातल्या कुणीही त्याला आपल्या गाडीला हात लावू दिला नाही.

आता मास्तरांच्या बायकोने परस्पर त्यालाच बोलावलं होतं. "वर्षभर धूळ खातेय गाडी. तो येईल, डबा बदलेल. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा."

नखं काळी झाली, पण चांदी काही सापडेना.

"मास्तर, काही हरवलंय का?" दारातून वायरमनने विचारलं.

मास्तर दचकून उठून बसले ते स्टिअरिंगवर आपटले. "पेन. पेन पडलं माझं."

"खिशात आहे तुमच्या."

पेन खिशात होतं. वायरमनने नवा डबा सीटवर ठेवला. "जुन्यात दोन्ही दिव्यांना मिळून एक फ्यूज होता. ह्यात दोघांना वेगवेगळा. एक गेला तरी दुसरा दिवा चालू राहतो." मग पेचकस शोधता शोधता, वर न बघता म्हणाला, "ते मी त्याच दिवशी काढून घेतलं, मास्तर."

मास्तरांना खाली बसायला जागा हवी होती, पण ते आधीच बसलेले होते.

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? तुम्ही चारचौघांत बोललात, म्हणजे मलाही चारचौघांतच दाखवावं लागलं असतं. आणि चांदीवरचं नाव वाचता येत होतं."

"कसलं नाव?"

"गोळीचं. पोट साफ होण्याच्या." त्याला पेचकस सापडला. "वडीलधाऱ्या माणसाचं पोट रस्त्यावर कसं काढायचं?"

मास्तरांचे कान तापले. "अरे, शिव्या घातल्या असत्यास तरी बरं झालं असतं!"

"हा टॉर्च धरा जरा. इकडे. इकडे हो, माझ्या डोळ्यांत नको."

दुपारपर्यंत मास्तरांनी मुकाट्याने टॉर्च धरला. वायरमनच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. दिवे लागले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रविवारी मंडळात ये. यायचंच."

रविवारी ते सगळ्यांसमोर उभे राहिले. "गाडी वायरमनमुळे जळाली नाही. फ्यूजला चांदी मी गुंडाळली होती. ठाऊक असून याचं नाव घेतलं."

"कसली चांदी हो?" कुणीतरी विचारलं.

'चॉकलेटची' हे उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण वायरमन शेवटच्या गाडीपाशी मान खाली घालून उभा होता. लाज मास्तरांची, आणि ती वाटून घ्यायला तो आपणहून तयार दिसत होता. ते मास्तरांना बघवेना.

"पोट साफ होण्याच्या गोळीची," मास्तर म्हणाले.

कुणी हसलं नाही. मंडळाच्या अध्यक्षांना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय साफ होण्याची?"

मास्तरांनी घसा खाकरला आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात पुन्हा सांगितलं.