सीटच्या मागून लावलेला पट्टा

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या गाडीतला पट्टा आहे. गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून कमरेशी अडकतो, तो. आता आमची गाडी मोडीच्या आवारात उभी असते. फुटक्या काचेतून ऊन येते, धूळ येते. त्याचे मला बरेही वाटत नाही, वाईटही वाटत नाही.

कारखान्यात चिवट धागे घट्ट विणून मला बनवले. मग यंत्राला लावून ओढले. मी तुटलो नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हा माणूस धरेल." माझे झालेले कौतुक एवढेच.

आमची गाडी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी घेतली. वसाहतीतली पोरे त्यांना वरखालीकाका म्हणत आणि काकाही त्या नावाला ओ देत. कामावर कमरेला दोर बांधल्याशिवाय ते लिफ्टच्या खड्ड्याकडे पाऊल टाकत नसत. हाताखालच्यांनाही टाकू देत नसत. गाडीत मात्र ते माझ्यावर वैतागत. पोट सुटलेले, त्यात मी आवळणारा. मला लावले नाही की गाडीची घंटी डोके उठवी. शेवटी एकदा त्यांनी मला सीटच्या मागून फिरवून खाचेत अडकवले आणि सीटला पाठ टेकून आरामात बसले. घंटी गप्प झाली. पुढे तीच सवय पडली.

काकू बालवाडीत शिकवत. शेजारच्या सीटवर बसल्या की त्या आपल्या पट्ट्याचा पीळ सोडवत, तो पोटाखाली कमरेच्या हाडांवर सपाट बसवत. काकांना त्या बरेचदा सांगत. एकदा काका हसून म्हणाले, "अगं, दोर बांधायचा तो खाली पडायची भीती असते म्हणून. गाडीतून मी कुठे पडणार?"

काकूंनाही हसू आले. विषय तिथेच राहिला.

एका दुपारी दोघे बाजारातून परतत होते. घराजवळच्या वळणावर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक दाबला. आमचा वेग फार नव्हता, तरी गाडी आदळली. त्या क्षणी मी जागच्या जागी घट्ट झालो. तेच माझे काम. मग अंगावर माणसाचे ओझे येण्याची वाट पाहिली. ते आले नाही. शेजारच्या पट्ट्याने काकूंना धरून ठेवले. त्यांच्या खांद्यापासून कमरेपर्यंत काळानिळा वळ उमटला. काका स्टिअरिंगवर जाऊन आपटले. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले.

काही दिवसांनी काकू भावाबरोबर आवारात आल्या. गाडीत काकांची छत्री आणि हत्यारांची पिशवी राहिली होती. त्यांनी तिथल्या मेकॅनिकला विचारले, "ह्यांनी पट्टा लावला होता ना?"

मेकॅनिक म्हणाला, "लावलेला होता, ताई. पण सीटच्या मागून. आत माणूसच नव्हता."

काकू रडल्या नाहीत. भाऊ निघू या म्हणाला, ते त्यांच्या कानावर गेले की नाही कोण जाणे. त्यांनी हाताने काचा झाडल्या, काकांच्या जागेवर बसल्या, मला सोडवले आणि छातीवरून ओढून नीट लावले. कुठेही न जाणाऱ्या त्या गाडीत त्या समोर बघत बसून राहिल्या. त्यांचा श्वास माझ्याखाली वरखाली होत होता. भाऊ दार धरून उभा राहिला. मग त्यांनी कळ दाबली, मी मागे सरकलो. भावाने पिशवी उचलली, छत्री मात्र गाडीतच राहिली.

मित्रांनो, मला काखेखालून घेऊ नका, पाठीमागे टाकू नका. खांद्याच्या मधोमध, छातीवरून आणि कमरेवर सपाट, एवढीच माझी जागा. तुमची उंची अजून मला पुरत नसेल, तर मुलांसाठीची उंच सीट मागून घ्या. आणि घरातले मोठे कोणी मला मागून अडकवत असेल, तर गाडी हलू देऊ नका. हट्ट करा. तो कसा करायचा, हे तुम्हाला शिकवायला नको.