लाल दिसली म्हणून तोडली

मित्रांनो, चाकू म्हटलं की तुम्ही हात मागे घेता. घेऊ नका. मी एक जुना चाकू आहे, वाकड्या पात्याचा, वीतभर लांबीचा, आणि आता माझ्याने साधा लिफाफासुद्धा धड कापला जात नाही. एके काळी मला माझ्या हुशारीचा फार गर्व होता. तो कसा उतरला, तेवढं सांगतो.

एका लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्यातून घडवलं आणि पेरूच्या लाकडाची मूठ बसवली. मला विकत घेतलं आत्याने. घरात सगळे तिला आत्याच म्हणायचे, तिचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा. घराच्या मागच्या भिंतीलगत तिने कोकोची, म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनतं त्याची, पाच झाडं लावली होती. माझं सगळं आयुष्य त्या पाच झाडांत गेलं.

कोकोचं फळ थेट खोडाला लागतं. जिथे फूल येतं तिथे खोडावर एक बारीक गाठ असते आणि त्याच गाठीवर पुढे वर्षानुवर्षं फुलं येत राहतात. म्हणून फळ ओढायचं नाही, पिरगळायचं नाही. थोडा देठ खोडाला ठेवून मला अलगद फिरवायचं. गाठ सोलली गेली की त्या जागी पुन्हा फूल येत नाही. आत्याच्या हातून इतक्या वर्षांत एकही गाठ दुखावली नाही, आणि त्यात थोडं श्रेय माझ्या धारेचंही होतं.

पण कापणं सोपं, मित्रांनो. कधी कापायचं ते कळणं अवघड. आमची फळं अंगठ्याएवढी असल्यापासूनच लालजांभळी असायची. नवखा माणूस बघून म्हणायचा, वा, पिकली की. पिकायला मात्र पाच-सहा महिने लागायचे. मग तो लाल रंग हळूहळू उतरायचा आणि सालीवरच्या खाचांमधून पिवळा, नारिंगी रंग वर यायचा. आत्या आधी खाचा बघायची. मग नखाने साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं की म्हणायची, "झोपू दे अजून याला." पिवळं दिसलं की माझ्या मुठीने फळावर टकटक करायची. कच्चं फळ ठप्प वाजतं. पिकलेल्यात बिया सुटलेल्या असतात, ते पोकळ वाजतं. तो आवाज तिच्या कानाआधी माझ्या मुठीला कळायचा. शेजारची बाई एकदा पपई घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, हिलाही जरा वाजवून बघा." सगळे हसले. मी मात्र आठवडाभर फुगून होतो.

मग आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रंग तिला दिसेनात. तरी नख होतं, मी होतो, आमचं काही अडलं नाही. अडलं ते दुसरीकडेच. भावाला मागच्या जागेत गाडीसाठी शेड हवी होती. "नुसती हौस किती वर्षं करायची, आत्या?" तो म्हणाला. "या हंगामात कुणी बिया घेणारं भेटलं तर झाडं ठेवू. नाहीतर जागा मोकळी करू." आत्याने चॉकलेट बनवणारी एक बाई शोधली. त्या बाई म्हणाल्या, एका वेळी पन्नास-साठ पिकलेली फळं दाखवा, पसंत पडली तर दर वर्षी नेईन. आत्याने हिशेब केला, तीन आठवड्यांनी फळं तयार होणार होती. तोवर डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्यावं म्हणून ती आठवडाभर भाचीकडे गेली. जाताना सगळ्यांना बजावून गेली, "मी येईपर्यंत झाडांना कुणी हात लावायचा नाही."

भावाच्या मुलाला घरात तुफान म्हणत. नोकरी करणारा चांगला मोठा माणूस, पण चहासुद्धा उभ्याने प्यायचा. चॉकलेटवाल्या बाईंचा फोन त्यानेच घेतला. त्या म्हणाल्या, "गुरुवारी तुमच्या बाजूला येतेय, फळं बघता येतील का?" तुफान म्हणाला, "या की." गुरुवारी सकाळीच आत्याही परतणार होती. तिला सगळं तयार मिळावं, ती खूश व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने वाईट काही चिंतलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागतं.

बुधवारी त्याने मला खिळ्यावरून काढलं. जे लाल ते पिकलेलं, असा त्याचा सरळ कारभार. पहिली वीस फळं माझ्याकडून कापली. देठ कच्चे, चिवट, हिरवे. प्रत्येक देठ मला सांगत होता की थांब, आणि मी कापत होतो. माझी मूठ त्याने एकदाही फळाला लावली नाही. पुढे कंटाळून त्याने मला खिशात टाकलं आणि उरलेली फळं हाताने पिरगळून ओढली. खोडावरच्या गाठी सालीसकट निघाल्या. सत्तर लालभडक फळांचा ढीग अंगणात लागला. तुफानने त्याचा फोटोही काढला.

गुरुवारी आत्या काळा चष्मा लावून ढिगाशेजारी बसली. तिने एका फळाला नख लावलं आणि हात मांडीवर ठेवला. चॉकलेटवाल्या बाईंनी माझ्याच पात्याने फळ उघडलं. आत बिया सालीला घट्ट चिकटलेल्या, भोवती ओला गर जवळजवळ नाहीच.

"ही आता पिकणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तोडल्यावर कोको पिकत नाही. आणि चॉकलेटसाठी बिया आधी आंबवाव्या लागतात, अशा कच्च्या बिया नीट आंबत नाहीत. माफ करा, मला नाही नेता येणार."

"पण लाल होती ना," तुफान म्हणाला.

"ती जन्मतःच लाल असतात रे," आत्या म्हणाली.

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. भावाने मान खाली घालून सोमवारी झाडं तोडायला माणसं येतील असं सांगितलं.

रविवारी आत्याचा चष्मा उतरला. नव्या डोळ्याने ती मागे गेली. शेवटच्या झाडाच्या भिंतीकडच्या अंगाला पाच फळं अजून लटकत होती, नारिंगी, ठिपकेदार, रंग उडालेली.

"ती किडकी आहेत आत्या, म्हणून सोडली," तुफान म्हणाला.

तिने माझी मूठ फळावर वाजवली. आवाज पोकळ आला. पाचही फळांचा. अख्ख्या बागेत वेळेआधी पिकलेली तेवढी पाच फळं होती आणि तेवढीच त्याने सोडली होती. आत्याने बाईंना फोन लावला. त्या हळहळल्या, पण पाच फळांच्या बियांचा ढीग ऊब धरत नाही, त्या आंबत नाहीत, असं म्हणाल्या.

मग आत्याने माझं पातं पदराला पुसलं आणि एकेक फळ कापू लागली. देठ ठेवून, गाठ सांभाळून, अगदी हळू.

"आत्या, उद्या झाडच जाणार आहे," तुफान म्हणाला. "ओढून काढ ना."

"आज उभं आहे," ती म्हणाली आणि पुढच्या फळाकडे वळली.

आता तिथे शेड आहे. मी संपलेल्या बॅटऱ्यांसोबत खणात पडलेला असतो. आत्याला सगळं स्वच्छ दिसतं, पण मागचं दार ती उघडत नाही.

मित्रांनो, झाडाला हात लावण्याआधी ज्याने ते वाढवलं त्याला विचारा. त्या बुधवारी आत्याचा फोन दिवसभर चालू होता. मी वीस देठ कापले आणि एकदाही नाही म्हणू शकलो नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.