मथळा नंतर टाकू

मी अंगठ्याच्या शाईचा पॅड बोलतोय. पत्र्याची डबी आणि आत निळं फडकं, एवढाच माझा संसार. स्वभावाने मात्र मी पक्का संशयी. त्याला कारण आहे, सांगतो.

माझा पहिला मालक कचेरीच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. जीभ गोड, आणि "तुम्ही फक्त अंगठा द्या, बाकीचं मी भरतो" हे पालुपद. कोऱ्या कागदांवर किती अंगठे उठले माझ्या शाईने! पुढे कुणाचं दुकान गेलं, कुणाची जमीन. लोक रडत परत यायचे, पण हा गडी ताकास तूर लागू द्यायचा नाही. मला माझीच लाज वाटायची.

तो गेल्यावर त्याच्या मुलीने मला एका वकीलबाईंना देऊन टाकलं. त्या सुट्टीच्या दिवशी वस्त्यांमध्ये जाऊन कायदा समजावून सांगतात, तोही फुकट. फुकट? म्हटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

एका रविवारी शाळेच्या वर्गात बरीच माणसं जमली होती. बाई घसा फोडून सांगत होत्या, "वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. कोऱ्यावर तर मुळीच नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं संपलं आणि बाईंनी हजेरीचा कागद माझ्याशेजारी ठेवला. पाहतो तर वर एक अक्षर नाही! झालं, ही पण त्यातलीच. लोक मात्र रांगेत येऊन निमूट अंगठे उठवू लागले.

रांगेत एक इस्त्रीवाली होती. नवरा जाऊन वर्ष झालेलं. त्याच्या मागे राहिलेली एक खोली, एवढाच तिला आणि तिच्या लेकीला आधार. पाठीशी दीर उभा. त्याने खिशातला कागद हळूच पुढे सरकवला.

"वहिनी, ह्यावरही एक उठवा. विजेचं मीटर तुमच्या नावावर करायचंय."

तिचा अंगठा माझ्यावर टेकला. पण तिने हात तिथेच थांबवला.

"बाई, आधी तुमचा कागद. वर काय लिहिलंय?"

"कोरा आहे हो. हजेरीच तर आहे, मथळा नंतर टाकू."

"मग अंगठाही नंतरच देते."

वकीलबाईंचे कान लाल झाले. "चुकलं माझं," म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी तो कागद फाडून टाकला.

"आता भाऊजींचा वाचा."

दिराने झडप घातली, पण कागद बाईंच्या हातात पोचला होता. त्यांनी मोठ्याने वाचलं, "माझी राहती खोली मी राजीखुशीने माझ्या दिराला देत आहे."

"टायपिंगची चूक असेल," दीर पुटपुटला.

"एवढी लांबलचक?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. इस्त्रीवाली हसली नाही. "माझी लेक झोपते हो तिथे, भाऊजी," एवढंच म्हणाली. मला भडभडून आलं.

हल्ली बाई मथळा आधी लिहितात, वाचूनही दाखवतात. तरी मी डोळ्यांत तेल घालून बघतोच; जुनी खोड. तुम्हीही माझ्यावर भरवसा ठेवू नका, बाबांनो. कुणीही, कुठल्याही कागदासाठी मला पुढे करतं आणि मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.