रिकामं कॅच

आमच्या ऑफिसात एक नियम आहे, तो लेखी कुठेच नाही. प्रोग्रॅम अडला, स्क्रीनवर लाल अक्षरं आली, की आधी स्वतः झटायचं. नाहीच जमलं तर चहानंतर खिडकीजवळच्या लांब टेबलापाशी लॅपटॉप घेऊन जायचं, उभं राहायचं आणि ती लाल अक्षरं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. पहिल्या ओळीपासून, एकही न गाळता. "काहीतरी एरर येतोय हो" असं मोघम बोलणाऱ्याला परत जागेवर पिटाळतात. आणि वाचणाऱ्याला कोणी हसायचं नाही. जो हसेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

हा नियम मामांचा. मामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. सख्खे मामा ते इथे कोणाचेच नाहीत, पण अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणतं, त्यामुळे त्यांची बायको आपोआप मामी झाली. आम्ही वाचायला लागलो की मामा डोळे मिटून ऐकायचे आणि डोळे न उघडताच उत्तर द्यायचे. जावा या आमच्या प्रोग्रॅमच्या भाषेतल्या चुका शेवटी त्या त्याच. नल पॉइंटर, म्हणजे जे नाहीच त्याला काम सांगायची चूक, आली की म्हणायचे, "घरात कोणी नाही आणि तू आपला हाका मारतोयस. आधी आत कोणी आहे का बघ, मग बोल." यादीच्या बाहेर पाऊल पडलं की, "खुर्च्या पाच आणि तू सहावीवर बसायला निघालीस! आपटशील नाहीतर काय?" क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एखादा तुकडा, सापडत नाही म्हटलं की, "माणूस आहे गं तिथे, तूच पत्ता चुकीचा दिलायस."

मी तोंडाची फटकळ. माझ्याशी वाद घालायला मॅनेजर बाईसुद्धा कचरतात. पण मामांपुढे माझी कधी टाप नव्हती. आज मी जे काही चार पैशांचं काम करते ते त्या टेबलापाशी उभी राहून शिकले.

मामा कधी रागावत नसत. फक्त एका गोष्टीवर त्यांचं डोकं फिरायचं, ती म्हणजे रिकामं कॅच. जावामध्ये चूक झेलायची एक जागा असते, तिला कॅच म्हणतात. चूक झेलली की तिचं काहीतरी करायचं, निदान ती कुठेतरी नोंदवायची, म्हणजे दुसऱ्याला कळेल. काही आळशी लोक ती जागा रिकामीच सोडतात. मग चूक होते, पण कुणाला दिसत नाही. वरून सगळं आलबेल. आमच्यातल्या उंच्याने, म्हणजे दारातून वाकून येणाऱ्या आमच्या लंबूटांग सहकाऱ्याने, एकदा असं केलं होतं, तेव्हा मामांनी त्याची सगळ्यांदेखत हजेरी घेतली होती. "चोर पकडलास तर आरडाओरडा करशील, का त्याला गादीखाली लपवशील?" उंच्या आठवडाभर तोंड पाडून फिरत होता.

आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. कोणाची पाळी कधी, कोणतं मशीन, हे सगळं त्यात. पाळीच्या आदल्या दिवशी पेशंटला फोनवर निरोप जातो, पाळी बदलली असेल तर तेही कळतं. हा निरोपांचा भाग गेल्या उन्हाळ्यात मामांनी नव्याने लिहायला घेतला होता. "एवढं एक माझ्या हातून होऊ दे," असं म्हणाले होते. पुढे आम्हीही त्यात अधूनमधून हात घालत होतो.

मग एका सकाळी केंद्रातल्या नर्सबाईंचा फोन आला आणि तो नेमका मी उचलला. त्या भडकल्याच होत्या. "अहो, पाळी बदललेली कोणाला कळलीच नाही! आमच्या एक शिवणकाम करणाऱ्या आजी आहेत, त्यांची पाळी चुकली. अंगात पाणी भरलं, श्वास लागला, काल मुलीने उचलून आणलं त्यांना. तुमचं मशीन झोपा काढतं का?"

 आजी आता कशा आहेत विचारलं. "वाचल्या. पण त्यात तुमचं काही श्रेय नाही," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशीच, काही बिघडलं तर तिथे दिसतं. काहीच नाही. धुतल्यासारखा स्वच्छ. आजी मरता मरता वाचल्या आणि आमच्या लॉगमध्ये चकार शब्द नाही! तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, ज्याने हा उद्योग केलाय त्याला आज मी सोडत नाही.

दुपारपर्यंत सापडलं. यादीतल्या एका पेशंटचा फोन नंबर कोरा होता. तिथे प्रोग्रॅम अडखळला. साधं नल पॉइंटर, पहिल्या महिन्यात शिकवतात ते. अडखळला तर अडखळला, पण सगळी यादी एकाच कॅचमध्ये गुंडाळलेली, आणि ते कॅच रिकामं. म्हणजे त्या पेशंटच्या खालच्या एकालाही निरोप गेला नाही, आणि कोणाला पत्ता नाही. आणखी शोधलं तर अशी रिकामी कॅच जागोजागी. कोणी लिहिलं ते प्रोग्रॅमला विचारता येतं. मी विचारलं.

मामांनी.

मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. दुसऱ्यांदा पाहिलं. तेच. मी आधी उंच्याला हाताशी धरलं, दोघांनी राहिलेल्या पेशंटना एकेक करून फोन केले. ते झाल्यावरच जीव भांड्यात पडला. मॅनेजर बाईंना इतकंच सांगितलं की दोष सापडलाय, उद्या टेबलावर येईल. मग मी लॅपटॉप घेऊन मामांकडे गेले. ते छोट्या मीटिंग रूममध्ये एकटेच बसले होते.

"मामा, हे काय आहे?"

"आधी वाच," ते म्हणाले. सवयीने.

मी रिकामं कॅच काढून टाकलं, प्रोग्रॅम चालवला, लाल अक्षरं आली ती वाचली. मामांनी डोळे मिटले. मी थांबले. 

"परत वाच."

परत वाचली. मिटलेल्या पापण्यांखाली त्यांचे डोळे सारखे हलत होते, जिन्यात किल्ली पडल्यावर माणूस शोधतो ना, तसे. तिसऱ्यांदा वाचायला घेतली आणि मध्येच सोडली. कारण मला कळलं होतं.

"कधीपासून, मामा?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून." त्यांनी डोळे उघडले. "पूर्वी नुसती नजर टाकली तरी कळायचं गं. आता ती लाल अक्षरं दिसली की डोकं कोरं होतं. शब्द वाचता येतात, पण ते मिळून काय म्हणतायत तेच लागत नाही. फार भीती वाटते. म्हणून मग... दिसूच नयेत असं केलं. रोज म्हणायचो, उद्या नीट करीन."

"मामी?"

"तिला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे एकटाच गेलो होतो. हे वाढतच जाणार, म्हणाले." मग त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. "तिला काय, कोणालाच सांगू नकोस. घरी मी चष्मा विसरतो, गॅस विसरतो. इथेच काय तो माणसात असतो. मला त्या टेबलावरून उठवू नकोस गं पोरी."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. शिवणकाम करणाऱ्या आजींचं मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटावं इतका त्यांचा चेहरा उतरला, पण न सांगून कसं चाललं असतं?

"वाचली ना ती?" त्यांनी दोनदा विचारलं.

"वाचल्या. पण मामा, मी हे गुपचूप दुरुस्त केलं तर मीही तेच केलं जे या कॅचने केलं. मी मॅनेजर बाईंकडे जाऊन तुमची चुगली करणार नाही. नियम तुमचाच आहे. अडलं की उभं राहायचं आणि वाचायचं."

 "हसतील का?" त्यांनी विचारलं.

"हसू दे तर खरं कोणी! कपांबरोबर त्यालाही विसळून काढते."

तेव्हा ते स्वतःच थोडं हसले.

दुसऱ्या दिवशी चहानंतर सगळे टेबलापाशी जमले. मॅनेजर बाईही आल्या. मामा नेहमी खिडकीकडच्या खुर्चीत आधीच येऊन बसलेले असत. त्या दिवशी ते लॅपटॉप छातीशी धरून आले आणि उभे राहिले. मामांना तिथे उभं असलेलं आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "अहो, बसा की मामा!" त्यांनी मान हलवली.

त्यांनी वाचलं. पहिल्या ओळीपासून, एकही न गाळता. मध्ये दोनदा अडखळले, तरी बोट ठेवून पुढे गेले. मग म्हणाले, "हे मी लिहिलंय. कॅच मी रिकामं ठेवलं होतं. त्यापायी एका बाईच्या जिवावर बेतलं. मला आता हे वाचून कळत नाही. कोणाला कळत असेल तर सांगा."

 मॅनेजर बाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. उत्तर तिथे प्रत्येकाला येत होतं, पण मामांना ते सांगायची हिंमत कोणाला? मी तर तोंडाची एवढी फटकळ, पण मीही खाली कपांकडे बघत बसले.

शेवटी उंच्याने घसा खाकरला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज नीट ठेवला त्याने. "मामा, नल पॉइंटर आहे. घरात कोणी नाही आणि आपण हाका मारतोय. आधी आत कोणी आहे का बघायचं, मग बोलायचं."

मामा डोळे मिटून ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. डोळे उघडून उंच्याकडे बघत म्हणाले, "वा! काय सोपं करून सांगितलंस रे. लगेच कळलं. कोणी शिकवलं तुला हे?"

सगळे हसले. वाटलं, मामांनी गंमत केली, वातावरण हलकं केलं. मीही हसले. पण मामा हसत नव्हते. ते उंच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. एकेकाचं हसू आपोआप थांबलं.

"तुम्हीच, मामा," उंच्या म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. खरं की काय, असं. मी मान डोलावली.

"छे छे," ते अगदी संकोचून म्हणाले, "मला एवढं कुठलं यायला."

मग लॅपटॉप मिटून ते टेबलाच्या या टोकाला, अडलेली माणसं वाचून झाल्यावर बसतात तिथल्या खुर्चीवर बसले. खिडकीकडची त्यांची खुर्ची तशीच रिकामी राहिली, आणि तिच्याकडे बघायचं धाडस आमच्यापैकी कोणालाच झालं नाही.